घड्याळाखालचा रस्ता : ‘सेफ्टी लास्ट!’च्या पुनरुज्जीवित डिस्कचे परीक्षण

चार वर्षांपूर्वी, बारावीची परीक्षा संपल्यावरच्या रिकाम्या दिवसांत, मी अमेरिकी विनोदनट हॅरॉल्ड लॉइडचा ‘सेफ्टी लास्ट!’ हा 1923 सालचा मूकपट पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मला एकदाही मनापासून हसू आले नाही. इंटरनेटवर फुकट मिळालेल्या त्या प्रतीत रस्त्यावरची माणसे चालण्याऐवजी तुरुतुरु पळत होती, चेहरे चुना फासल्यासारखे पांढरे पडले होते, आणि कोणीतरी पियानोची एकच धून तुकड्याला तुकडा जोडून प्रेमप्रसंगापासून पोलिसाच्या पाठलागापर्यंत सगळीकडे सारखीच वाजवली होती. घड्याळाच्या काट्याला लटकलेला चष्मेवाला तरुण हे जगभर ओळखले जाणारे चित्र प्रत्यक्ष चित्रपटात आले आणि गेले, पण माझ्या पोटात गोळा आला नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकांना हसायला फार थोडे पुरत असावे, असा निष्कर्ष काढून मी मोकळी झाले.

आता मी पुण्यात चित्रपट-संकलनाच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि या सत्रात सुरुवातीच्या हॉलिवूड विनोदपटांवर दीर्घ निबंध लिहायचा असल्यामुळे लॉइडकडे परत जाणे भाग पडले. न्यू जर्सीला राहणारा माझा मामेभाऊ दिवाळीला घरी येणार होता. त्याच्याकडून क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने 2013 साली काढलेली याच चित्रपटाची ब्ल्यू-रे डिस्क मागवली. हे परीक्षण त्या डिस्कचे आहे. चित्रपट तोच, नट तेच, उड्या त्याच. तरीही मी या वेळी हसले, दोन ठिकाणी ओरडले, आणि चार वर्षे लॉइडवर ठेवलेला ठपका उचलून प्रतीवर ठेवला. हे असे का झाले, हे संकलन शिकणाऱ्या व्यक्तीच्या नजरेने समजून घेणे मला केवळ पैसे वसूल झाले की नाही याच्या हिशेबापेक्षा महत्त्वाचे वाटते. हिशेबही पुढे येईलच.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगते. खेड्यातला एक तरुण नशीब काढायला शहरात येतो आणि मोठ्या कापडदुकानाच्या गल्ल्यामागे आठवड्याला 15 डॉलरवर राबतो, मात्र गावाकडच्या वाग्दत्त वधूला पत्रांतून आपण बडे साहेब झाल्याचे कळवत राहतो. ती अचानक दारात उभी राहते. दुकानाला गिऱ्हाईक खेचून आणणाऱ्या कल्पनेला हजार डॉलर मिळतील, असे सरव्यवस्थापकाच्या तोंडून ऐकल्यावर तो आपल्या खोलीसोबत्याला दुकानाच्या इमारतीवर बाहेरून चढवण्याची शक्कल लढवतो, कारण सोबती त्या विद्येत पटाईत असतो. पण ऐन वेळी एक पोलीस त्या सोबत्याच्या मागे लागतो आणि ‘फक्त एक मजला चढ, पुढचे मी बघतो’ या आश्वासनावर नायकालाच भिंतीला हात घालावा लागतो. प्रत्येक मजल्याच्या खिडकीत सोबती उगवतो, पोलीस अजून मागेच असल्याचे सांगतो आणि नाहीसा होतो. फ्रेड न्यूमेयर आणि सॅम टेलर यांनी दिग्दर्शित केलेल्या, हॅल रोच यांच्या निर्मितीतल्या या सुमारे 73 मिनिटांच्या चित्रपटाची कीर्ती मुख्यतः या शेवटच्या चढाईवर उभी आहे.

सोबत्याची भूमिका करणारा बिल स्ट्रदर हा खरोखरच इमारती चढणारा माणूस होता. लॉस एंजेलिसमध्ये त्याला एका उंच इमारतीवर चढताना पाहून लॉइडला इतकी धडकी भरली की, तीच धडकी प्रेक्षकाला द्यायचे त्याने ठरवले. ही धडकी माझ्या पहिल्या प्रतीत कुठे गेली, याचे उत्तर या डिस्कने पहिल्या दहा मिनिटांतच दिले. मूकपटाची चौकट जवळपास चौरस असते. रुंदीला चार भाग तर उंचीला तीन. माझ्या फुकटच्या प्रतीत आजच्या रुंद पडद्याला भरून दिसावे म्हणून त्या चौकटीचा वरचा आणि खालचा भाग कापून टाकलेला होता. गणित केले तर असे कापताना उंचीचा चौथा हिस्सा जातो. इतर कोणत्या चित्रपटात हे कदाचित खपून गेले असते. कोणाच्या टोपीचा शेंडा आणि कोणाच्या बुटांची टोके गेली असती, इतकेच. पण ‘सेफ्टी लास्ट!’च्या चढाईत चौकटीच्या तळाशी रस्ता आहे. खाली ट्राम जातात, मोटारी वळतात, माणसांचे ठिपके सरकतात, आणि हे सगळे लॉइडच्या बुटांच्या लगेच खाली, त्याच चित्रात चाललेले असते. खालचा भाग कापला की, उरतो तो केवळ भिंतीला चिकटलेला एक माणूस, जो जमिनीपासून चार फुटांवरही असू शकतो. प्रत कापणाऱ्याने, नकळत का होईना, नायकाच्या पायांखालून रस्ताच काढून घेतला होता.

हा रस्ता चौकटीत आणायला लॉइडच्या मंडळींनी किती खटाटोप केला, हे डिस्कवरील चित्रीकरणस्थळांविषयीच्या माहितीपटात फार सुंदर समजते. जॉन बेंग्टसन हे मूकपटांच्या जुन्या जागा शोधून काढणारे अभ्यासक आणि क्रेग बॅरन हे दृश्यक्लृप्त्यांचे जाणकार त्यात बोलतात. दुकानाच्या इमारतीचा दर्शनी भाग म्हणून आपण जो पाहतो, तो बहुतांश वेळा खऱ्या इमारतींच्या गच्चीवर, कडेजवळ उभारलेला एक-दोन मजल्यांचा देखावा आहे. कॅमेरा उंच मचाणावर अशा कोनात ठेवलेला आहे की, देखाव्याची भिंत आणि खूप खालचा खरा रस्ता एकमेकांना जोडून दिसतात, मधली गच्ची मात्र दिसत नाही. चढाई वर सरकली की, अधिक उंच इमारतीची गच्ची निवडायची. म्हणजे रस्ता खरा, उंची खरी, पडलो तर थेट रस्त्यावर जाण्याची शक्यता थोडी कमी, एवढीच सवलत. देखाव्याच्या खाली गाद्या अंथरलेला फळ्यांचा मंच असे. एकदा त्यावर बाहुला टाकून पाहिला तर तो उसळून खाली रस्त्यावर गेला, असे लॉइड सांगत असे. दूरच्या काही शॉट्समध्ये त्याच्या जागी दुसरी माणसे चढली, हे त्याच्या मृत्यूनंतर उघड झाले आणि काही रसिक त्यामुळे नाराज झाले. मला ती नाराजी कळत नाही. जवळच्या चित्रणात त्याचा स्वतःचा चेहरा आणि त्याच्या खालचा खरा रस्ता एकत्र दिसतात, आणि विनोद तिथेच घडतो. शिवाय 1919 मध्ये छायाचित्रासाठी हाती घेतलेला, खोटा समजलेला बाँब फुटून त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली होती. तो खास हातमोजा घालून काम करीत असे. डिस्कवरचे चित्र इतके स्पष्ट आहे की, मी सुरुवातीला त्याच्या उजव्या हातावरच डोळे लावून बसले होते. दोन मजल्यांनंतर तो नाद सोडला, कारण चित्रपट निसटून चालला होता.

संकलनाच्या वर्गात आम्हाला सांगितले जाते की, कट, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्या शॉटवर जाणे, हा प्रेक्षकाचे लक्ष वळवण्याचा मार्ग आहे. विनोदाच्या बाबतीत त्याची दुसरी बाजू या चित्रपटाने मला दाखवली. धोका एका शॉटमध्ये आणि नायक दुसऱ्या शॉटमध्ये असता, तर डोक्याला ते पटले असते, पण पोटाला पटले नसते. दाणे सांडल्यामुळे अंगाखांद्यावर बसणारी कबुतरे, अंगावर येऊन पडणारी जाळी, ऐन वेळी खिडकीतून बाहेर सरकणारी फळी, विजारीत शिरणारा उंदीर, सर्वांत वर फिरत राहून डोक्यात बसणारे वारामापक यंत्र, हे सगळे एकेका मजल्याच्या हिशेबाने येत जाते, आणि प्रत्येक वेळी रस्ता तसाच खाली हजर असतो. उंदीर ही गोष्ट स्वतःहून फारशी हसवणारी नाही. पण अरुंद कठड्यावर एका पायावर नाचणाऱ्या माणसाच्या विजारीतला उंदीर पाहताना हसू आणि किंकाळी एकाच श्वासात बाहेर पडतात, आणि हे केवळ चौकट पूर्ण असेल तरच.

लॉइडचा समकालीन विनोदनट बस्टर कीटन याच्या ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’मध्ये, 1928 साली, घराची सबंध दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते आणि माडीच्या उघड्या खिडकीच्या चौकटीमुळे तो जागच्या जागी सुखरूप उभा राहतो, दोन्ही बाजूंना जेमतेम काही इंचांचे अंतर होते. ते दृश्यही लांबून, न कापता, भिंत, खिडकी आणि माणूस एकत्र दाखवूनच सांगितले आहे. कीटन मात्र त्या भिंतीखाली असा उभा असतो की, जणू पोस्टाची वाट पाहतो आहे. लॉइडचा चेहरा घाबरतो, ओशाळतो, खोटे हसतो. त्याचा चष्मेवाला तरुण हा रोज दहा ते पाच राबणाऱ्या कोणत्याही माणसासारखा आहे. या चष्म्याला काचा नव्हत्या, ही गोष्ट मला फार आवडते. 1917 मध्ये तो चष्मा डोळ्यांवर येण्यापूर्वी लॉइड ‘लोनसम ल्यूक’ नावाच्या पात्राच्या लघुपटांत चॅप्लिनची नक्कल करीत होता आणि त्यात त्याचे स्वतःचे काहीच नव्हते. डिस्कवर 1918 ते 1920 या काळातले ‘टेक अ चान्स’, ‘यंग मिस्टर जॅझ’ आणि ‘हिज रॉयल स्लायनेस’ असे तीन लघुपट दिलेले आहेत. ते एका बैठकीत पाहू नयेत, त्यांत धावाधाव फार आहे; परंतु लाथाबुक्क्यांच्या विनोदातून चष्म्यामागचा माणूस हळूहळू कसा वर येतो, ते त्यांत दिसते.

प्रतीच्या वेगाविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण मूकपट म्हणजे भरभर पळणारी माणसे हा आपल्याकडचा समज त्यातूनच आला आहे. त्या काळी कॅमेरा हाताने हँडल फिरवून चालवत. सेकंदाला किती चौकटी टिपल्या जातील, हे हँडल फिरवणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून असे आणि हा आकडा साधारण 16 पासून 24 पर्यंत बदलत राही. चित्रपटगृहातले प्रक्षेपणही काटेकोर ठरलेले नव्हते. बोलपट आल्यावर ध्वनी फिल्मच्या कडेलाच छापला जाऊ लागला. वेग जरा हलला तरी आवाज फाटू लागणार, म्हणून 24 चौकटींचा वेग पक्का झाला. पुढे कमी वेगाने टिपलेले जुने मूकपट या पक्क्या वेगाने दाखवले गेले आणि सगळी माणसे कळसूत्री झाली. दूरचित्रवाणीने हेच केले आणि फुकटच्या प्रती अजून हेच करतात.

गुंतागुंतीचा भाग यापुढे आहे. विनोदपटांत माणसे थोडी वेगाने हलावीत म्हणून हँडल मुद्दाम सावकाश फिरवले जाई. म्हणजे सगळे ‘नैसर्गिक’ करून टाकणे हाही उपाय नाही. तसे केले तर लॉइडच्या हालचालीतली चपळाई गळून जाते आणि तो एखाद्या सरकारी कचेरीत चालल्यासारखा चालू लागतो. पुनरुज्जीवन करणाऱ्याला प्रत्येक चित्रपटासाठी तो वेग शोधावा लागतो, जिथे पाऊल किंचित हलके पडते पण चेहऱ्यावरचा विचार वाचायला वेळ मिळतो. या डिस्कने तो वेग साधला आहे, याचा माझा पुरावा चढाईत नसून भाड्याच्या खोलीत आहे. भाडे थकलेले असताना घरमालकीण येते, तेव्हा नायक आणि त्याचा सोबती अंगात कोट अडकवून, पाय पोटाशी घेऊन, खुंट्यांवर कोट टांगल्यासारखे लटकतात. माझ्या जुन्या प्रतीत हा प्रसंग कळण्याआधीच संपत असे. इथे मालकीण खोलीत नजर फिरवते, आपण कोटांकडे पाहतो, कोटांत माणसे आहेत हे आपल्याला माहीत आहे आणि तिला नाही. या तीन गोष्टींना जेवढा अवकाश हवा तेवढाच मिळतो. त्याहून अर्धा सेकंद कमी असता तर हसू आलेच नसते.

चित्रपटाच्या पहिल्या शॉटलाही हेच लागू आहे. नायक गजांआड उभा, मागे फाशीचा दोर लोंबतो आहे, आई आणि प्रेयसी रडत आहेत, धर्मगुरूसारखा दिसणारा माणूस येतो; मग दुसऱ्या बाजूने पाहिल्यावर कळते की, हे गावाकडचे रेल्वे स्टेशन आहे, गज फलाटाच्या कुंपणाचे आहेत, आणि दोर हा धावत्या गाडीतून सूचनापत्र उचलून घेण्यासाठी टांगलेला आहे. प्रेक्षकाला आधी पूर्ण फसू दिले पाहिजे. घाईच्या प्रतीत आपण फसतच नाही, कारण गज नीट पाहायलाही वेळ मिळत नाही.

डिस्कवर दोन पार्श्वसंगीते निवडता येतात. एक कार्ल डेव्हिस यांनी 1989 मध्ये वाद्यवृंदासाठी रचलेले आहे. दुसरे गेलॉर्ड कार्टर यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस ऑर्गनवर वाजवलेले. कार्टर हे मूकपटांच्या काळात लॉस एंजेलिसच्या चित्रपटगृहांत प्रत्यक्ष साथ करणारे ऑर्गनवादक होते, त्यामुळे त्यांची साथ ऐकताना तबलजीची आठवण होते, जो गायकाच्या तोंडाकडे पाहत ठेका धरतो आणि त्याच्या पुढे एक पाऊलही टाकत नाही. दुकानातले, खोलीतले प्रसंग मला त्यांच्या साथीने अधिक खुलले. चढाई सुरू झाली की मात्र मी डेव्हिस यांच्याकडे वळले, कारण तिथे संगीताने प्रत्येक घसरण्याला ‘धप्प’ म्हणणे पुरेसे नसते. सबंध उंचीचा ताण कोणीतरी वीसेक मिनिटे पेलून धरावा लागतो, आणि वाद्यवृंद तो पेलतो. माझी शिफारस अशी की, चढाई एकदा आवाज पूर्ण बंद करूनही पाहावी. संगीताने किती उचलून धरले आहे आणि चित्राने स्वतः किती, हे त्यावाचून समजत नाही. मी निबंधासाठी तसे केले, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर कबुतरांचा प्रसंग संगीताशिवाय थोडा पडला. घड्याळाचा मुळीच पडला नाही.

लॉइडवरचा ‘द थर्ड जीनियस’ हा केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांचा 1989 चा माहितीपटही इथे आहे, आणि केवळ त्यासाठीसुद्धा डिस्क घ्यावी असे मी म्हणेन. ‘तिसरा’ म्हणजे चॅप्लिन आणि कीटन यांच्यानंतरचा. लॉइड मागे का पडला, याचे एक कारण मला तरी असे दिसते की, त्याने आपल्या चित्रपटांचे हक्क स्वतःकडे जपले आणि ते दूरचित्रवाणीच्या हाती सहजी दिले नाहीत. कापाकापीपासून चित्रपट वाचले, पण एक सबंध पिढी त्याला ओळखेनाशी झाली. त्यात 1943 मध्ये त्याच्या घरच्या फिल्मकोठाराला आग लागून सुरुवातीचे बरेच काम जळून गेले. ‘सेफ्टी लास्ट!’ अमेरिकेत 1 जानेवारी 2019 पासून सर्वांसाठी मुक्त झाला आणि त्यानंतर कोणीही, कशीही प्रत चढवू लागले. माझी ती पहिली प्रत याच लाटेतली असणार. लेनर्ड माल्टिन आणि रिचर्ड कॉरेल यांचे समालोचन ऐकायला गोड आहे, पण ते रसिकांच्या गप्पांकडे झुकते. विद्यार्थ्याला त्यापेक्षा चित्रीकरणस्थळांचा माहितीपट अधिक देतो.

याच निबंधासाठी मी चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ पाहिला, आणि तिथे मला उलट दिशेचे आश्चर्य भेटले. 1931 मध्ये, बोलपट रूढ होऊन गेल्यावर, चॅप्लिनने संवाद न ठेवता केवळ संगीताची पट्टी जोडून तो काढला. आंधळ्या फूलवालीला फाटक्या भटक्याविषयी ‘हा श्रीमंत आहे’ असे का वाटावे, या एका प्रश्नासाठी त्याने तो प्रसंग शेकडो वेळा चित्रित केला. उत्तर सापडले ते मोटारीच्या दारात. भटक्या उभ्या गाडीच्या एका दारातून शिरून दुसऱ्यातून उतरतो, दार बंद होते, मुलगी मान वळवते. नंतर गाडीचा खरा मालक येऊन बसतो, दार पुन्हा लागते, गाडी जाते, आणि ती सुटे पैसे घेऊन हात पुढे करून राहते. दाराचा आवाज आपल्याला ऐकवलेलाच नाही. तो तिच्या मानेच्या वळण्यातून दिसतो. लॉइड आपल्याला रस्ता दाखवून घाबरवतो, चॅप्लिन न ऐकवलेला आवाज दाखवून गहिवरायला लावतो. दोघांचेही काम चेहऱ्याची किंवा मानेची लहानशी हालचाल स्वच्छ दिसण्यावर अवलंबून आहे. धूसर प्रतीत मान वळलेली दिसते, ऐकलेले दिसत नाही.

आता डिस्कच्या अडचणी. अमेरिकेत तिची छापील किंमत सुमारे 40 डॉलर होती. एका चित्रपटासाठी ही रक्कम विद्यार्थ्याला जड आहे आणि मामेभावाने पैसे घेतले नाहीत म्हणूनच मी हे शांतपणे लिहू शकते. त्याहून मोठी अडचण विभागाची, म्हणजे डिस्क जगाच्या ज्या भागासाठी काढली त्याच भागातल्या यंत्रांवर चालण्याची. ही डिस्क ‘ए’ विभागासाठी आहे, भारत ‘सी’ विभागात येतो, त्यामुळे आपल्याकडच्या साध्या ब्ल्यू-रे यंत्रावर ती चालत नाही. मी लॅपटॉपला बाहेरून जोडायचा ड्राइव्ह घेऊन विभाग बदलून पाहिली. ज्यांना हा उद्योग नको असेल, त्यांनी सर्व विभागांच्या डिस्क वाजवणारे यंत्र असल्याखेरीज ती मागवू नये.

दुसरी गोष्ट चित्रपटातलीच आहे. दुकानातला सामान वाहणारा काळा माणूस, ज्याला घाबरवून हसे करवले जाते, आणि हात चोळणारा यहूदी सराफ, ही पात्रे त्या काळच्या विनोदाने ज्यांच्याकडे माणूस म्हणून पाहिले नाही त्यांची व्यंगचित्रे आहेत. डिस्कवर ती तशीच आहेत, आणि ती कापावीत असे मला वाटत नाही. पण तिथे मला हसू आले नाही, आणि याचा दोष या वेळी प्रतीकडे नव्हता.

दृश्यांच्या मधल्या, संवाद लिहिलेल्या पाट्या इंग्रजीतच आहेत. आपल्याकडच्या मूकपटांत पाट्या एकाहून अधिक भाषांत असत आणि ज्याला वाचता येई तो शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवी, असे जुन्या आठवणींत वाचायला मिळते. मी हा प्रयोग घरी करून पाहिला. माझ्या आजीला इंग्रजी येत नाही. एका रविवारी दुपारी तिला शेजारी बसवून मी पाट्या मराठीत वाचत गेले. पहिल्या अर्ध्या तासातच तिला कथेची खूण पटली. मुलगा घरी पत्रात खोटे का लिहितो, हे तिला समजावून सांगावे लागले नाही. नायकाला उशीर होतो आणि तो हजेरीच्या घड्याळाशी लबाडी करतो, तेव्हा ती म्हणाली, “तुझे आजोबा गिरणीत होते तेव्हा पाच मिनिटं उशीर झाला की पगार कापायचे.” मी तोवर दोन वेळा चित्रपट पाहिला होता आणि हजेरीचे घड्याळ आणि शेवटचे मोठे घड्याळ यांचा संबंध मला लागलेला नव्हता.

चढाईत पाट्या जवळजवळ संपतात आणि माझे वाचनाचे काम थांबले. आजी तिसऱ्या मजल्यापर्यंत त्या पोलिसाला शिव्या देत होती. घड्याळाची तबकडी उघडून काट्यासकट खाली झुकली, तेव्हा तिने माझा दंड धरला तो नायक गच्चीवर पोहोचेपर्यंत सोडला नाही. वर प्रेयसी भेटते, मिठी होते, सोबती दूरच्या गच्चीवरून अजून पोलिसापुढे पळतोच आहे, आणि दोघे जण निघाल्यावर ओल्या डांबरात नायकाचे बूट अडकून राहतात, मग मोजेही. आजी त्या मोज्यांना हसली आणि पडदा काळा झाल्यावर म्हणाली, “आणि ते हजार डॉलर? दिले का त्याला?”

मी डिस्क मागे नेऊन शेवटची पाच मिनिटे पुन्हा लावली. आम्ही दोघींनी नीट पाहिले. पैसे देताना कोणीच दिसत नाही.